पानं

पुस्तकात टेबलावर एक ठोकळा होता.
एक बाण खाली, एक वर.
मी फळ्यावर तोच काढला
आणि विचारलं, हा हलत का नाही?
नववी ब गप्प. सावद्याची दुपार,
पंखा गरम हवा नुसती ढवळतोय.
मागच्या बाकावरून जैतून तडवी म्हणाली,
"बाई, त्याले कोणी काम सांगतलं नसंल."

सगळे हसले, मीही.
मग वाटलं, चुकलं कुठे तिचं?
कोणी ढकलत नाही, ओढत नाही, तोवर
थांबलेलं थांबूनच राहतं
आणि चाललेलं चालतच राहतं.
याला जडत्व म्हणतात, मी लिहिलं.
तिनं वहीत लिहिताना
एक त जास्तीचा घातला.
शब्दच जड, मी खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकळा पुसला
आणि वर्ग घेऊन गेले फाटकापलीकडे,
भिकनशेठच्या केळीच्या वखारीवर.
जैतूनचे वडील, रुबाबभाऊ, ट्रक भरत होते.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड,
ओल्या फळीवर तिरपे पाय.
मी म्हटलं, बघा मुलांनो, घर्षण.
रुबाबभाऊ म्हणाले, "आम्ही राख म्हणतो, बाई.
फळीवर चुलीतली राख टाकली
की पाय निसटत नाही."

मग वजनकाटा.
मी सांगत होते, पृथ्वी खेचते ते वजन,
ते न्यूटनमध्ये मोजायचं,
काटा दाखवतो ते किलो वेगळे.
भिकनशेठ पेन कानावर ठेवत म्हणाले,
"न्यूटनात बिल केलं तर व्यापारी पैसे देईल का?"
याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हतं.

ट्रक काट्याला दाबतो.
काटा ट्रकला दाबतो का?
ललित भंगाळे म्हणाला, "तो कसा दाबेल? तो तर खाली आहे."
मग ट्रक खाली जात का नाही?
ललित बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.
मग स्वतःच्या चपलांकडे.
आणि अगदी हळू
एक पाऊल बाजूला सरकला,
जणू इतका वेळ त्याला उचलून धरलेल्या जमिनीला
जरा हात मोकळे करू द्यावेत.

दुसरा ट्रक मागे लागला होता, रिकामा.
त्याच्या तळाला रुबाबभाऊ पानं अंथरत होते,
केळीचीच, सुकलेली, थरावर थर.
"माल दिल्लीचा असला की थर वाढवायचे."
का?
"ब्रेक लागला की ट्रक थांबतो, बाई.
केळी कुठं थांबतात? त्या पुढं निघालेल्याच असतात.
त्यांनाही थांबायचं आहेच,
फक्त सावकाश."

अकरा वर्षं मी ते फळ्यावर लिहीत आले:
संवेगातला बदल तोच, वेळ वाढवला
तर बल कमी.
भागाकाराची रेघ, वर हे, खाली ते.
त्या रेघेखाली पानं असतात
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जैतून फाळक्यावर चढली, उडी मारायला.
"गुडघे वाकव!" खालून बाप ओरडला.
तिनं वाकवले.
धूळ उडाली, ती उठली, पुन्हा चढली.
मग सगळा वर्ग रांगेत.
मी नाही मारली उडी. साडी होती,
आणि खरं सांगायचं तर भीतीही.

सोमवारी चाचणीचे पेपर वाटले.
ललितला वीसपैकी सहा.
त्याला आकडा लगेच सांगवेना.
आधी म्हटलं, अक्षर सुधारलंय.
मग म्हटलं, आकृती नीट आहे, बाण बरोबर आहेत.
मग म्हटलं, दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात तरी...

मागच्या बाकावरून जैतून म्हणाली,
"ललित, गुडघे वाकव.
बाई पानं अंथरून राह्यल्या."